जाझ-पोएट्री: सेलरच्या आधी आणि नंतर

जाझ-पोएट्री, म्हणजे जाझच्या साथीने म्हटलेली कविता, असं म्हटलं की सगळ्यांची गाडी थेट १९५७ च्या सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन थांबते, तेच ते बीटनिक (पन्नाशीच्या दशकातले बंडखोर कवी-लेखक आणि त्यांचे चाहते), काळे स्वेटर आणि धुराने भरलेलं तळघर. तळघर खरंच होतं म्हणा, नॉर्थ बीचमधला द सेलर नावाचा जाझ क्लब, तिथे केनेथ रेक्सरॉथ आणि लॉरेन्स फर्लिंगेटी हे कवी बँडबरोबर कविता वाचायचे आणि त्याची रेकॉर्डपण निघाली. पण सुरुवात तिथली नाही. त्यासाठी तीसेक वर्षं मागे आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, हार्लेमला जावं लागतं.

हार्लेमचा कवी लँग्स्टन ह्यूज, त्याचा 'द वेअरी ब्लूज' संग्रह १९२६ चा. त्याच नावाच्या कवितेत एक पियानोवाला रात्रभर गात बसलाय, आणि गंमत म्हणजे ह्यूज त्याचं नुसतं वर्णन करून सोडत नाही, त्याचं गाणंच कवितेत घेतो, म्हणजे ब्लूजमध्ये, कृष्णवर्णीयांच्या त्या दुःखाच्या गाण्यांत, कशी एक ओळ म्हणायची, तीच जराशी फिरवून परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा, अगदी तसंच. कागदावर वाचतानासुद्धा दोन ओळींच्या मधे पियानोला जागा ठेवलेली कळते. हाच ह्यूज पन्नाशी उलटल्यावर, १९५८ मध्ये, त्याच नावाची रेकॉर्ड काढतो, तिच्या एका बाजूला जाझ समीक्षक लेनर्ड फेदरने जमवलेले जुन्या वळणाचे वादक आणि दुसऱ्या बाजूला बास वाजवणारा चार्ल्स मिंगस आणि त्याचे वादक. मला मिंगसची बाजू जास्त आवडते, तिथे बँड गप्प बसून साथ करत नाही, मधेमधे बोलतो.

सेलरवाल्यांची अडचण नेमकी इथेच होती. रेक्सरॉथला वाटायचं की आधी व्यवस्थित तालीम झाली पाहिजे, कुठे थांबायचं कुठे उचलायचं सगळं ठरलेलं पाहिजे. फर्लिंगेटीने तर खास जाझबरोबर म्हणायला म्हणून सात कविता लिहिल्या, आणि नंतर मात्र स्वतःच म्हणाला की त्यातलं बरंचसं भयंकर होतं, वादकांना आपलं वाजवायचं असायचं आणि कवी कोपऱ्यावर मासे विकणाऱ्यासारखा ओरडत राहायचा. एवढं प्रामाणिक कोण बोलतं हल्ली!

बीटनिकांचा लाडका लेखक जॅक केरुआक तालीम वगैरेच्या भानगडीत पडणारा नव्हता. ऑक्टोबर १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राटा गॅलरीत तो आणि डेव्हिड ॲमरम उभे राहिले, ॲमरमचं वाद्य फ्रेंच हॉर्न, आणि जे होईल ते होईल. कविता लिहायचा तीपण तशीच, खिशातल्या वहीचं पान संपलं की कविता संपली, जसे वादकाला ब्लूजच्या एका आवर्तनात मोजके बार (ठेक्याचे ठरावीक तुकडे) मिळतात तसं. अशा २४२ कविता आहेत त्याच्या एका पुस्तकात, सगळ्या जमल्यात असं मात्र नाही.

(केरुआकचा मित्र, कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३ ला भारतात राहून गेला, मुंबईतपण कविता वाचल्या, आणि परत गेल्यावर चक्क पेटी घेऊन स्टेजवर बसायला लागला. ते प्रकरण वेगळं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

साठच्या दशकात जाझ स्वतःच सुटं झालं, ठरलेला ठेका नाही, ठरलेली चाल नाही, आणि तिथून खरा फरक पडला. १९६४ मध्ये कवी अमिरी बराका, तेव्हाचा लिरॉय जोन्स, न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेटबरोबर रेकॉर्ड करतो तेव्हा तो जवळजवळ सपाट आवाजात वाचतो आणि मिलफर्ड ग्रेव्ह्जचा ड्रम त्याच्या आजूबाजूला फिरत राहतो, कोणी कोणासाठी थांबत नाही तरी दोघं एकमेकांना ऐकतायत हे कळतं. मग १९६८ ला हार्लेमच्या पार्कात लास्ट पोएट्स हा कवींचा गट, १९७० ला कवी-गायक गिल स्कॉट-हेरन, दोघांकडे काँगा (हाताने वाजवायचा उंच ड्रम), आणि तिथून रॅपकडे जाणारा रस्ता सगळ्यांना माहितीये.

ज्यांचं नाव कमी घेतलं जातं त्या कवयित्री जेन कॉर्टेझ. सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमनची एकेकाळची बायको एवढीच ओळख लोकं देतात, हा अन्याय आहे. त्यांचा बँड फायरस्पिटर्स, त्यात ऑर्नेटच्याच बँडमधली माणसं. त्यांची एक कविता आहे, ड्रम जर बाई असेल तर तिला असं बडवता का म्हणून ड्रमवाल्यालाच जाब विचारणारी, तोच प्रश्न फिरवून फिरवून, आवाज न चढवता. आणि या बँडमध्ये आईच्या मागे ड्रमवर बसलेला असायचा डेनार्डो कोलमन, त्यांचा मुलगा, दहाव्या वर्षापासून वडिलांबरोबर रेकॉर्ड करत आलेला.