पार्श्वभूमी: पानातल्या तुकड्याने माहिती कुठून आणायची?

काही वर्षांपूर्वीचा जून. शाळांच्या एका समूहाचं संकेतस्थळ आम्ही सांभाळत होतो, शाखा नागपूरला आणि पुण्याला. मुखपृष्ठ, प्रवेश, पालकांसाठी सूचना अशा प्रत्येक पानावर उजवीकडे एकच छोटी चौकट होती: ‘शाळा कधी सुरू?’ विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी महाराष्ट्रात महिन्याच्या मध्यालाच. त्या दिवशी नागपूरच्या पालकांना पुण्याची तारीख दिसली. तासाभराने ती आपोआप दुरुस्त झाली आणि दुपारी पुन्हा चुकली. चौकटीचा कोड जेमतेम वीस ओळींचा होता आणि त्यात उघड अशी चूक नव्हती. चूक होती ती चौकट बांधण्याच्या पद्धतीत, आणि त्या पद्धतीमागे बराच जुना वाद आहे.

एमव्हीसी (मॉडेल म्हणजे माहिती, व्ह्यू म्हणजे दिसणारा भाग आणि कंट्रोलर म्हणजे विनंती हाताळणारा भाग, असे कोडचे तीन वाटे) वेबसाठी जन्मलं नाही. १९७९ साली पालो अल्टोच्या एका प्रयोगशाळेत, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेच्या कामात ते मांडलं गेलं तेव्हा पडद्यावरच्या लहानशा भागालाही स्वतःचा व्ह्यू आणि स्वतःचा कंट्रोलर असायचा. वेबवर येताना हे सुटलं. १९९८-९९ च्या सुमाराला जावाच्या जगात ‘मॉडेल २’ या नावाने जी रचना रुजली, आणि २००४ मध्ये रेल्स या वेब फ्रेमवर्कने जी घराघरांत पोचवली, तिच्यात ब्राउझरची एक विनंती, एक कंट्रोलर, एक पान असा हिशेब होता. मग पानातल्या तुकड्याचा वाली कोण? २००० मध्ये जावावाल्यांनी एकाखाली एक त्रिकुटं रचणारं एचएमव्हीसी सुचवलं. पुढे पीएचपीवाल्यांनी ते उचललं, आणि कोडइग्नायटर या त्यांच्या फ्रेमवर्कवर त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन बसवून अनेकांनी कामं केली. रेल्समध्ये सुरुवातीला ‘कॉम्पोनंट’ नावाची सोय होती. ती संथ ठरली आणि काही वर्षांतच काढून टाकली गेली.

‘मॉड्यूल’ या शब्दाने गोंधळात भरच घातली. जुमला आणि द्रुपल या दोन्ही संकेतस्थळं बांधायच्या तयार प्रणाली. जुमलामध्ये मॉड्यूल म्हणजे बाजूची चौकट आणि कॉम्पोनंट म्हणजे पानाचा मुख्य मजकूर. द्रुपलमध्ये मॉड्यूल म्हणजे अख्खी सुविधा, चौकटीला तिथे ब्लॉक म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या वेब फ्रेमवर्कमध्ये एचटीटीपी मॉड्यूल तर पानात दिसतच नाही, तो प्रत्येक विनंतीच्या वाटेत बसलेला असतो. आणि ग्राहक ‘फीचं मॉड्यूल’ म्हणतो तेव्हा त्याला सगळा फी विभाग हवा असतो. खाली मी ‘तुकडा’ एवढंच म्हणतो.

नागपुरात, गायत्रीनगरच्या आयटी पार्कातल्या किंवा धरमपेठेतल्या लहान ऑफिसात ज्यांनी त्या काळात डॉट नेटवर काम केलं, त्यांच्यातले बरेच जण वेब फॉर्म्स या एएसपी डॉट नेटच्या आधीच्या पद्धतीतून आलेले. २००२ पासूनच्या त्या पद्धतीत यूजर कंट्रोल, म्हणजे पानाचा तयार तुकडा, स्वतःची माहिती स्वतः आणायचा. पानावर ओढून टाकला की काम झालं. २००९ च्या मार्चमध्ये एएसपी डॉट नेट एमव्हीसीची पहिली आवृत्ती आली आणि ही सवय मोडली. तुकड्यासाठी पार्शल व्ह्यू होता, पण तो मुका. त्याला जे लागेल ते पानाच्या कंट्रोलरने हातात द्यायचं. म्हणजे मेनू, ताज्या सूचना, लॉगिनची पट्टी या साऱ्यांची माहिती प्रत्येक अ‍ॅक्शनने (कंट्रोलरमधल्या, एकेक विनंती हाताळणाऱ्या फंक्शनने) गोळा करायची. लोकांनी सगळ्यांना सामायिक असा बेस कंट्रोलर काढला, त्यात सगळं कोंबलं, आणि साधं ‘संपर्क’ पान उघडलं तरी मागे डेटाबेसकडे चार-पाच फेऱ्या होऊ लागल्या.

२०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत चाइल्ड अ‍ॅक्शन अधिकृतपणे आली तेव्हा हायसं वाटलं. व्ह्यूमधूनच एखादी अ‍ॅक्शन बोलवायची, तिने माहिती आणायची, तुकडा रंगवून परत द्यायचा. तिसऱ्या आवृत्तीत, २०११ पासून, तेवढाच तुकडा कॅशमध्ये, म्हणजे ठरावीक वेळ तयार साठवून, ठेवता येऊ लागला. आमची तारखेची चौकट अशीच बांधलेली होती.

पण चाइल्ड अ‍ॅक्शन दिसायला तुकडा असली तरी आत पूर्ण कंट्रोलर होती. राउटिंग (पत्त्यावरून अ‍ॅक्शन शोधणं), फिल्टर (अ‍ॅक्शनच्या आधी-नंतर चालणारा कोड), मॉडेल बाइंडिंग (विनंतीतली माहिती आपोआप भरणं) हे सगळं तिच्यासाठी नव्याने चालायचं. तिला आईच्या, म्हणजे मूळ पानाच्या, विनंतीची पद्धतही दिसायची. चौकशीचा फॉर्म चुकीचा भरून पाठवला की विनंती पोस्टची (फॉर्म पाठवणारी), म्हणून चाइल्डही त्याच नावाची पोस्टवाली अ‍ॅक्शन निवडायची आणि कधी कधी स्वतःलाच बोलवत राहायची. तिच्यातून दुसऱ्या पानावर वळवायला गेलं की अर्धं पान रंगलेलं असताना एरर. आणि पाचव्या आवृत्तीतही तिला असिंक, म्हणजे माहितीची वाट बघताना सर्व्हर अडकवून न ठेवणारी, करता येत नव्हतं.

आमची चूक कॅशची होती. चाइल्ड अ‍ॅक्शनचा कॅश तिला दिलेल्या पॅरामीटरांवरून ओळखला जातो. आम्ही पॅरामीटर दिलाच नव्हता, शाखा सेशनमधून (सर्व्हरवर त्या-त्या वापरकर्त्यासाठी ठेवलेल्या माहितीतून) वाचत होतो. कॅश तासाभराचा होता, त्यामुळे नवा तास सुरू झाल्यावर पहिलं पान पुण्याच्या पालकाने उघडलं की पुढचा तासभर सगळ्यांना पुण्याची तारीख. तुकडा ‘स्वयंपूर्ण’ आहे असं आम्ही अभिमानाने सांगायचो, आणि त्याने माहिती कुठून उचलली हे बाहेरून कोणालाच दिसत नव्हतं.

२०१६ च्या जूनमध्ये एएसपी डॉट नेट कोअर या नव्या अवताराची पहिली आवृत्ती आली तेव्हा चाइल्ड अ‍ॅक्शन त्यात नव्हतीच. तिच्या जागी व्ह्यू कॉम्पोनंट: स्वतःचा वर्ग, स्वतःचा व्ह्यू, असिंक चालणारा, पण फिल्टर नाहीत, मॉडेल बाइंडिंग नाही, थेट पत्त्यावरून उघडता येत नाही. यावर पुष्कळ नाराजी झाली, आणि ती पोकळ नव्हती. ज्यांच्या प्रकल्पात शेकड्याने चाइल्ड अ‍ॅक्शन होत्या त्यांना प्रत्येक तुकडा हाताने पुन्हा लिहावा लागणार होता. जुनी पाचवी आवृत्ती आजही विंडोजवर चालते, त्यामुळे लहान कंपन्यांनी हे काम पुढे ढकललं आणि दोन्ही पद्धती सांभाळत बसल्या. तरीही काढून टाकण्याचा निर्णय बरोबर होता असं मला ठामपणे वाटतं. व्ह्यू कॉम्पोनंटला आपोआप काही भरून मिळत नाही. बोलावणारा जे देईल तेवढंच बाहेरून येतं, बाकीचं त्याने कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे वर्ग तयार होतानाच, उघडपणे मागायचं. सेशनमधून गुपचूप उचलणं तिथेही शक्य आहे, पण कोड वाचणाऱ्याला ते लगेच खुपतं.

त्यानंतर गोष्टी भराभर आल्या. २०१७ मध्ये रेझर पेजेस आल्या, त्यांत प्रत्येक पान स्वतःचा कोड सोबत बाळगतं. २०१८ मध्ये तुकडे वेगळ्या लायब्ररीत बांधून अनेक प्रकल्पांत वापरण्याची सोय झाली. २०१९ मध्ये ब्लेझर हे घटकांतून पान बांधणारं फ्रेमवर्क आलं, आणि २०२३ च्या अखेरीस त्याच्या घटकांची पूर्ण पानं सर्व्हरवरच रंगवून पाठवता येऊ लागली. तिकडे २०१३ पासून रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीने ब्राउझरमध्ये हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला होता: माहिती वरून खाली येईल, तुकडा ती दाखवेल.

शाळेची ती चौकट आम्ही अखेर व्ह्यू कॉम्पोनंटमध्ये हलवली. शाखा कोणती हे आता पान सांगतं, तारीख चौकट स्वतः आणते, आणि कॅशच्या टॅगवर शाखेनुसार वेगळा ठेव असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ते लिहायचं राहिलं तर जुनी चूक इथेही जशीच्या तशी होईल. एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. चौकटीतल्या छोट्या कॅलेंडरला लागणारी स्क्रिप्ट व्ह्यू कॉम्पोनंटमधून लेआउटच्या (सगळ्या पानांच्या सामायिक साच्याच्या) सेक्शनमध्ये पाठवता येत नाही. म्हणून ती चौकट जिथे जिथे आहे, त्या प्रत्येक पानाच्या तळाशी स्क्रिप्टची ओळ आम्ही अजून हाताने लिहितो.