बरोबरीच्या सामन्यात क्लोजर बसून का राहतो : पार्श्वभूमी

फोंडा-म्हापसा भागातली काही मंडळी संगणकावर बेसबॉलच्या लीग चालवतात. त्यांच्यात एक तक्रार दर हंगामाला ठरलेली. पाहुणा संघ, नेहमीच्या सामन्याची शेवटची म्हणजे नववी इनिंग, धावसंख्या बरोबरीत, सर्वोत्तम रिलीफ पिचर (सुरुवातीच्या पिचरच्या जागी मधेच चेंडू टाकायला येणारा; सामना संपवायला राखलेला तो क्लोजर) ताजातवाना; आणि संगणकाचा मॅनेजर उभा करतो चौथ्या पसंतीचा माणूस. प्रोग्राम बिघडलाय असं वाटतं. बिघडलेला नसतो. त्याला तसंच शिकवलेलं असतं.

फासे आणि कार्डांच्या जुन्या खेळांत पिचर बदलायचा तो समोर बसलेला खेळाडूच. मॅनेजरचं डोकं प्रोग्राममध्ये घालायचा गाजलेला प्रयत्न 1987 चा. घरगुती संगणकांसाठीच्या एका खेळाच्या निर्मात्यांनी एका नामवंत मॅनेजरला, कोणत्या प्रसंगी तो काय करेल हे खोदून खोदून विचारलं आणि त्याची उत्तरं नियमांच्या रूपात प्रोग्राममध्ये उतरवली. मैदानावरही नेमकं तेव्हाच वारं बदलत होतं. 1988 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका संघाने आपला हुकमी रिलीफ पिचर बहुतेक वेळा फक्त नवव्या इनिंगसाठी, आघाडी असतानाच वापरायला सुरुवात केली, आणि बाकीचे संघ त्या वाटेने गेले. पुढच्या खेळांनी हीच पद्धत आदर्श मानली.

याच्या मुळाशी आहे ‘सेव्ह’, म्हणजे आघाडी राखून सामना संपवणाऱ्या रिलीफ पिचरच्या नावावर होणारी नोंद. ही नोंद अधिकृत झाली 1969 मध्ये. आजचे निकष 1975 चे. जास्तीत जास्त तीन धावांची आघाडी घेऊन यायचं आणि किमान एक इनिंग टाकून सामना संपवायचा, हा त्यांतला नेहमीचा रस्ता. बरोबरीत आलेल्या पिचरला सेव्ह मिळत नाही. साधी हिशेबाची नोंद, पण तिने माणसांच्या नेमणुका ठरवल्या आणि त्या नेमणुका प्रोग्रामने उचलल्या. संगणक आधी भूमिका बघतो : क्लोजर, सेटअप (क्लोजरच्या आधी येणारा), लाँग रिलीफ (लवकर येऊन बऱ्याच इनिंग टाकणारा). मग थकवा, गेल्या काही दिवसांत टाकलेले चेंडू, पुढचा बॅटर डावखुरा की उजवा. प्रसंग किती निर्णायक, हा प्रश्न फार उशिरा येतो, कधी येतच नाही. 2000 नंतरच्या दशकात प्रसंगाचं वजन मोजणारी मोजपट्टी रूढ झाली. सरासरी प्रसंगाला तिच्यावर 1 हा आकडा. नवव्या इनिंगची बरोबरी त्याच्या खूप वर जाते. तीन धावांची आघाडी जेमतेम सरासरीला टेकते. म्हणजे सर्वोत्तम माणूस राखून ठेवायचा तो जवळपास जिंकलेल्या सामन्यासाठी.

वाद पेटला 4 ऑक्टोबर 2016 ला, टोरांटोत. आपल्याकडे 5 तारखेची सकाळ होती, नवरात्रातली. देवळातल्या मखरोत्सवाचं जागरण करून आलेल्यांनीही तो सामना पाहिला. हरला तो संघ संपलाच, असा सामना. 2-2 बरोबरी. पाहुण्या संघाकडे त्या वर्षी 47 पैकी 47 सेव्ह करणारा, 0.54 सरासरीचा (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर धरलेल्या धावा) पिचर. एकामागून एक रिलीफ पिचर येत गेले, तो आला नाही. आघाडी मिळाली की आणू, असा हिशेब होता. आघाडी मिळालीच नाही. अकराव्या इनिंगमध्ये चेंडू होता एरवी सुरुवातीला येणाऱ्या एका पिचरच्या हातात, आणि तीन धावांच्या होमरनने 5-2 असा निकाल लागला. संगणकावर हेच घडतं तेव्हा आपण प्रोग्रामला दोष देतो; इथे अनुभवी माणसाने तेच केलं.

खेळ बनवणाऱ्यांची बाजूही आहे. संगणकाने जिंकायचं की खऱ्या मॅनेजरसारखं वागायचं? जुना हंगाम पुन्हा खेळवणाऱ्याला दुसरं हवं असतं, कारण तरच आकडे जुळतात. पण मग नक्कल त्या त्या काळाची हवी. 1974 मध्ये एका रिलीफ पिचरने 106 सामन्यांत 208 इनिंग टाकल्या, एकदाही सुरुवात न करता. तो हंगाम आजच्या क्लोजरच्या साच्यात चालवला तर त्याच्या वाट्याला सत्तरेक इनिंग येतील आणि संघाचा निकालच बदलेल. याउलट 2020 पासून पिचरने किमान तीन बॅटर तरी खेळवायचे किंवा अर्धी इनिंग (एका संघाची बॅटिंगची पाळी) संपवायची, असा नियम आहे. एका डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा पिचर आणायची जुनी युक्ती त्यामुळे मोडली. लीग सुरू करताना वर्षाप्रमाणे हे नियम आणि भूमिका बदलून घ्याव्या लागतात. बरोबरीतला क्लोजरचा वापर तर प्रत्येक संघासाठी वेगळा तपासावा.