सबवूफरचे ‘अंतर’ आणि 80 हर्ट्झचा वारसा

खोलीतला आवाज मोजून सुधारण्याची 1970 च्या दशकातली रीत म्हणजे पिंक नॉइज हा चाचणीचा सळसळाट, एक-तृतीयांश ऑक्टेव्हचा (वारंवारता दुप्पट होते तो टप्पा म्हणजे ऑक्टेव्ह) ॲनालायझर आणि 31 बँडचा ग्राफिक इक्वलायझर. तिच्यातून पातळी कळायची. फेजचा, म्हणजे लहर वेळेत कुठे आहे त्याचा, पत्ता नसायचा. शिवाय 40 हर्ट्झला त्या बँडची रुंदी सुमारे 9 हर्ट्झ, तर रूम मोड (खोलीच्या मापांमुळे ठराविक वारंवारतेला होणारा अनुनाद) अनेकदा 3-4 हर्ट्झचाच. शिखर दाबायला जावे, तर शेजारचा चांगला भागही खाली बसायचा. पुढे संगणकावर इम्पल्स रिस्पॉन्स (क्षणिक टिचकीला मिळणारा प्रतिसाद) मोजता येऊ लागला आणि 2000 मध्ये लॉगरिदमिक स्वीपची, म्हणजे खालून वर चढत जाणाऱ्या सुराची, पद्धत मांडली गेली. तिच्यात हार्मोनिक विकृती मुख्य इम्पल्सच्या आधी वेगळी पडते आणि कापून टाकता येते.

गाठ पडली ती क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा मुख्य स्पीकरकडे वाटून देणाऱ्या सीमेवर. 1990 च्या दशकात होम थिएटरने 80 हर्ट्झ हा आकडा उचलला. त्यामागची जोडणी विषम होती: मुख्य स्पीकरला 12 डीबी प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (खालचे कापणारा फिल्टर), सबवूफरला 24 डीबीचा लो-पास (वरचे कापणारा). गृहीत असे, की स्पीकर बंद पेटीचा असेल आणि 80 हर्ट्झखाली स्वतःहून 12 डीबीने उतरेल. दोन्ही मिळून 24. पोर्टवाला (पेटीला भोक असलेला) किंवा 35 हर्ट्झपर्यंत जाणारा उभा स्पीकर लावला की उतारही चुकतो आणि फेजही. 80 हर्ट्झखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा उमगत नाही, हे कारण रास्तच होते. पण रिसीव्हर बनवणाऱ्यांनी आकडा घेतला आणि अट गाळली.

त्यात भर पडली रिसीव्हरमधल्या ‘डिस्टन्स’ (अंतर) सेटिंगची. ते मीटरमध्ये दिसले तरी असतो तो डिले (विलंब), 1 मिलिसेकंदाला सुमारे 34 सेंटिमीटर. मोजपट्टीने 3 मीटरवर असलेल्या सबवूफरच्या आतल्या डीएसपीने (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिपने) आणि फिल्टरने 6 मिलिसेकंद खाल्ले, तर रिसीव्हरचे ऑटो-कॅलिब्रेशन (माइकवरून आपोआप मोजणी) 5 मीटर दाखवते आणि ते बरोबरच असते. लोक ती चूक समजून हाताने 3 करतात. 80 हर्ट्झचे अर्धे आवर्तन 6.25 मिलिसेकंदांचे, म्हणजे दोन्ही आवाज जवळजवळ उलटे पडतात, त्यामुळे नेमका क्रॉसओव्हरवरच खड्डा पडतो.

मग डिले ठरवायचा कशावर? एक पक्ष इम्पल्सची टोके जुळवतो. लो-पासमधून आलेल्या सबवूफरचे टोक बोथट आणि उशिरा येणारे असते, म्हणून ही पद्धत फसवी. दुसरा पक्ष क्रॉसओव्हरला फेज जुळवतो, आणि हाच मार्ग टिकाऊ आहे. फक्त एका बिंदूवर विसंबू नये: 12.5 मिलिसेकंद पुढे-मागे सरकवले तरी 80 हर्ट्झला बेरीज तितकीच छान दिसते. निदान 60 ते 110 हर्ट्झपर्यंत दोन्ही फेज-रेषा एकमेकींवर बसायला हव्यात.

हे सगळे पडद्यावर आधी करून बघता येऊ लागले ते टायमिंग रेफरन्समुळे (वेळ मोजायच्या पक्क्या खुणेमुळे). यूएसबी माइकला लूपबॅक (पाठवलेला सिग्नल थेट परत घेणारी तार) नसतो. म्हणून मोजणीचे सॉफ्टवेअर दरवेळी एकाच स्पीकरमधून उच्च वारंवारतेचा छोटा चिर्प सोडते आणि त्यावरून वेळ धरते. मुख्य स्पीकर आणि सबवूफर वेगवेगळे मोजायचे, माइक तसूभरही न हलवता. मग अलाइनमेंट टूलमध्ये डिले आणि पोलॅरिटी (लहर सुलट की उलट) बदलत बेरीज पाहायची.

इक्वलायझेशन त्यानंतर. मोडची शिखरे बहुतांशी मिनिमम-फेज असतात, म्हणजे पातळी सुधारली की वेळेतले वर्तनही सुधारते, म्हणून पॅरामेट्रिक फिल्टरने (वारंवारता, रुंदी, पातळी हवी तशी ठरवता येणाऱ्या) ती दाबली की रेंगाळणेही कमी होते. परावर्तन एकमेकांना खाऊन पडलेला खड्डा 6 डीबीने उचलायला चौपट वॉट लागतात आणि हाती काहीच येत नाही. फिल्टर काढण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये आपला इक्वलायझर निवडायलाच हवा. सुरुवातीच्या काळातल्या एका स्वस्त फीडबॅक-नाशक यंत्रात रुंदी 1/60 ऑक्टेव्हच्या मापात द्यायची; बाकीच्यांच्या क्यू-च्या (फिल्टर किती अरुंद ते सांगणाऱ्या मापाच्या) व्याख्या अजूनही एक नाहीत. बायक्वाड गुणांक (फिल्टरचे थेट भरायचे आकडे) भरायचे तर सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले नमुने) जुळावा लागतो, आणि काही उपकरणांना त्यातल्या ए1, ए2 ची चिन्हे उलटी लागतात.

शेवटी दोन्ही एकत्र वाजवून मोजायचे. क्रॉसओव्हरभोवती हे मापन भाकितापेक्षा 1-2 डीबीहून जास्त हटले, तर आधी रिसीव्हरचे ऑटो-इक्यू (आपोआप होणारे इक्वलायझेशन) चुकून चालू राहिले का ते पाहावे, मग चिर्पसाठी दरवेळी तोच स्पीकर निवडला होता का ते.