दोराच्या वेढ्यातले बळ

मराठवाड्यात कडब्याने भरलेली गाडी आवळताना जाणता शेतकरी थेट गाठ मारत नाही. तो दोर आधी दांडीभोवती दोन-तीन वेळा गुंडाळतो आणि मगच टोक बांधतो. भार पेलण्याचे बहुतेक काम हे वेढेच करतात, गाठीने फक्त मोकळे टोक सुटू द्यायचे नसते.

ताणलेला दोर दांडीभोवती वळला की तिच्यावर दाबला जातो आणि त्या दाबातून घर्षण निर्माण होते. वेढ्याच्या प्रत्येक लहानशा भागात होणारी ताणाची घट तिथे उरलेल्या ताणाच्या प्रमाणात असल्यामुळे वेढे वाढवले की पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. लिओनहार्ड ऑयलर या अठराव्या शतकातील गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार, घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात ते सांगणारा आकडा) ०.३ धरल्यास एक पूर्ण वेढा मोकळ्या टोकाला लावलेल्या जोराच्या सुमारे ६.६ पट, दोन वेढे ४३ पट आणि तीन वेढे तब्बल २८६ पट ओढ थोपवतात. दांडीच्या जाडीला या हिशेबात स्थानच नाही, हे प्रथम पटत नाही; मात्र फार बारीक दांडीवर दोर तीव्र वळतो आणि त्याचे तंतू तुटू लागतात.

गाठ म्हणजे दोराने स्वतःभोवतीच घातलेले वेढे. २०२० मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ताणानुसार रंग बदलणाऱ्या तंतूंच्या गाठी मारून पाहिल्या, तेव्हा गाठीचा टिकाऊपणा दोर किती ठिकाणी एकमेकांवरून जातो आणि शेजारचे पदर कोणत्या दिशेने पिळले जातात, यावर ठरतो असे दिसले.

अंबाडीचा खरखरीत दोर या कामी उजवा. नायलॉनचा दोर गुळगुळीत असल्याने त्याला एखादा वेढा जास्तच घालावा. अंबाडीचे तंतू भिजले की फुगतात, पीळ घट्ट होतो, दोर आखडतो आणि पावसात निरगाठ सोडवता सोडवत नाही.

जनावर बांधताना मात्र नुसती घट्ट पकड पुरत नाही. ओढीबरोबर आवळत जाणारा सरकफास गळ्यात घातक ठरतो, म्हणून तिथे न सरकणारी गाठ हवी. खुंट्याकडे सुरगाठ सोयीची असते: जनावराची ओढ दाव्याच्या ताणलेल्या बाजूवर येते आणि गाठ आणखी आवळते, पण गोठ्याला आग लागली तर मोकळे टोक खेचताच ती सुटते.