युद्धातल्या अत्याचारांची नोंद कोण ठेवतं, आणि ती कोर्टात पोचते कशी

युक्रेनमधल्या सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेला २०२२ चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की युद्ध चालू असतानाच गावोगाव फिरून साक्षी घेणारी, फोटो काढणारी, सगळं डेटाबेसमध्ये टाकणारी माणसं असतात, आणि ती ना पोलीस असतात ना सरकारी वकील. लगेच समज झाला की हे सगळं स्मार्टफोन आल्यामुळे. पण हे काम मोबाईलच्या फार आधीपासून चालू आहे, आणि तेव्हा ते करणाऱ्यांसमोर कोर्टसुद्धा नव्हतं.

वॉर्साचा घेटो घ्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती. १९४० मध्ये तिथे इमॅन्युएल रिंगेलब्लूम नावाच्या इतिहासकाराने एक गुप्त गट उभा केला, त्यात शिक्षक होते, लेखक होते, अगदी साधी माणसंही होती, आणि ते जे हाताला लागेल ते जमवत गेले, रेशनकार्डं, पोस्टर्स, पत्रं, पळून आलेल्यांच्या हकिगती, मुलांचे निबंध. नाझींच्या खेल्मनो या संहार छावणीतून निसटलेल्या माणसाची साक्षही त्यांनीच लिहून घेतली. जून १९४२ मध्ये बीबीसीवर पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी लागली, त्यामागे त्यांनी बाहेर धाडलेली माहिती होती. मग ऑगस्ट १९४२ पासून त्यांनी कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरायला सुरुवात केली. गटात पन्नास-साठ जण होते, युद्ध संपेपर्यंत त्यातले मोजून तीन उरले. रिंगेलब्लूमला मार्च १९४४ मध्ये मारलं.

पहिल्या पेट्या जमिनीतून वर आल्या सप्टेंबर १९४६ मध्ये, म्हणजे नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचा निकाल लागायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना! तो खटला मुख्यतः नाझींच्या स्वतःच्या कागदांवर चालला. मेलेल्यांनी लिहून ठेवलेलं तोपर्यंत मातीतच होतं. दुसरा साठा १९५० मध्ये सापडला, तिसरा आजपर्यंत नाही.

पुढे शीतयुद्ध आलं आणि आंतरराष्ट्रीय कोर्ट वगैरे विषय जवळपास चाळीस-पंचेचाळीस वर्षं थंडच पडला. नोंदी ठेवणारे मात्र थांबले नाहीत. ग्वाटेमालात ३६ वर्षं यादवी चालली, तिथे चर्चने हजारो लोकांच्या साक्षी गोळा केल्या, बऱ्याचशा स्थानिक माया भाषांमधून, आणि २४ एप्रिल १९९८ ला बिशप हुआन हेरार्दी यांनी तो अहवाल जाहीर केला, बहुतेक अत्याचारांमागे लष्कर आहे असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दोनच दिवसांनी त्यांचा खून झाला, त्यात पुढे लष्करातलेच लोक दोषी ठरले.

कंबोडियात चित्र जरा वेगळं. लाखोंचे बळी घेणाऱ्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट १९७९ मध्ये पडली, पण खटला कुठेच उभा राहीना. १९९५ मध्ये येल विद्यापीठाच्या एका प्रकल्पातून नोम पेन्हला डॉक्युमेंटेशन सेंटर सुरू झालं, नंतर ते स्वतंत्र झालं, त्यांनी लाखो पानं जमवली, सामूहिक कबरींचे नकाशे केले, आणि दहा-बारा वर्षांनी शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कोर्ट बसलं तेव्हा तपास करणाऱ्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. ख्मेर रूजच्या एस-२१ या छळ-तुरुंगाच्या प्रमुखाला २०१० मध्ये शिक्षा झाली, गुन्ह्यांनंतर तीस वर्षांनी. कोर्ट नसताना पुरावा सांभाळून ठेवायचा म्हणजे काय, ते इथे दिसतं.

युगोस्लाव्हियाच्या वेळी मात्र युद्ध चालू असतानाच, १९९३ मध्ये, हेगचं कोर्ट स्थापन झालं, त्यामुळे संस्थांना पहिल्यांदा माहीत होतं की हे कुणाला द्यायचंय. बेलग्रेडमध्ये राहून स्वतःच्याच देशाच्या फौजांचे गुन्हे नोंदवणाऱ्या नताशा कांदिच यांनी स्कॉर्पियन्स नावाच्या सर्ब तुकडीने स्वतःच काढलेली एक व्हिडिओ टेप मिळवली, बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या १९९५ च्या हत्याकांडातल्या सहा मुस्लिम कैद्यांना गोळ्या घालतानाची. जून २००५ मध्ये ती सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचच्या खटल्यात दाखवली, सर्बियन टीव्हीवर लागली, आणि काही दिवसांत अटका सुरू झाल्या. दहा वर्षं 'असं काही झालंच नाही' म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली, निदान थोडे दिवस तरी.

इथपर्यंत अडचण पुराव्याच्या कमतरतेची होती. सीरियात उलटं झालं, इतकं साहित्य की बघणार कोण. २०११ मध्ये असद सरकारविरुद्ध उठाव झाला, तेव्हापासून लोक रोज व्हिडिओ टाकत होते. सीझर या टोपणनावाचा लष्करी फोटोग्राफर ५३ हजारांहून जास्त फोटो घेऊन बाहेर पडला, त्यातले हजारो कोठडीत मेलेल्यांचे. दुसरीकडे सीआयजेए (कमिशन फॉर इंटरनॅशनल जस्टिस अँड अकाउंटेबिलिटी) नावाची संस्था सीरियन गुप्तचर खात्यांचे मूळ कागद सीमेपार काढत होती, दहा लाखांच्या वर पानं, कारण त्यांचं म्हणणं होतं की प्रेताचा फोटो गुन्हा झाला हे सांगतो, हुकूम कुणाचा होता ते कागदच सांगतो. मला हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. कॅमेऱ्यात शिपाई येतो, साहेब येत नाही.

मग २०१७ मध्ये यूट्यूबच्या ऑटोमॅटिक सिस्टीमने अतिरेकी कंटेंट समजून सीरियातले व्हिडिओ धडाधड उडवले, चॅनलच्या चॅनल गेली. सीरियन आर्काइव्हसारख्या गटांनी आधीच कॉपी करून ठेवलं होतं म्हणून बरंचसं वाचलं. गंमत अशी की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका कमांडरविरुद्ध वॉरंट काढलं ते मुख्यतः सोशल मीडियावरच्या व्हिडिओंच्या आधारावर.

एवढं सगळं असूनही कोर्टात पहिला प्रश्न येतो तो वेगळाच, हे तुम्हाला कुठून मिळालं, कधी, मधे कुणाकुणाच्या हातातून गेलं? फाइल बदललेली नाही हे दाखवायला हॅश लागतो (फाइलचा डिजिटल ठसाच म्हणा), मूळ मेटाडेटा, म्हणजे फाइल कधी, कुठे, कशावर तयार झाली याची माहिती लागते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या व्हिडिओत तो उरतच नाही. म्हणून २०२० मध्ये बर्कली प्रोटोकॉल आला, असा डिजिटल पुरावा कसा गोळा करायचा आणि जपायचा याची नियमावली. साक्षींचं तर आणखी नाजूक. एकाच बाईला पाच संस्था पाच वेळा तेच विचारतात, दर वेळी तपशील थोडा इकडे-तिकडे होतो (कुणाचाही होईल), आणि बचावाचा वकील नेमकं तेवढंच धरतो, शिवाय तिला ते सगळं पुन्हा पुन्हा आठवावं लागतं ते वेगळंच. २०२२ मध्ये युरोजस्ट (युरोपियन युनियनची न्यायिक सहकार्याची संस्था) आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी संस्थांसाठी सूचना काढल्या, त्यांचा सूर हाच, की शक्यतो सविस्तर जबाब तुम्ही घेऊ नका, तपास अधिकाऱ्यांना घेऊ द्या.

आणि या मेहनतीचं फळ? जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीत कोब्लेंझच्या कोर्टाने दमास्कसच्या कोठडीत चाललेल्या छळाबद्दल सीरियन गुप्तचर खात्याचा माजी कर्नल अन्वर रसलान याला जन्मठेप दिली, तिथे वाचलेल्यांच्या साक्षी, सीझरचे फोटो, संस्थांचे कागद सगळं एकत्र आलं. तो साहेब होता, शिपाई नव्हे. पण नोंदी ठेवणाऱ्या सीरियन वकील रझान झैतूनेह डिसेंबर २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या दूमातून पळवल्या गेल्या, त्यांचं काय झालं ते अजून बाहेर आलेलं नाही.

८ डिसेंबर २०२४ ला असदची सत्ता पडली आणि लोक आपल्या माणसांना शोधत दमास्कसजवळच्या कुप्रसिद्ध सेदनाया तुरुंगात घुसले. जमिनीवर सगळीकडे कागद, रजिस्टरं, फायली. लोक त्यावरून चालत होते, नाव दिसतंय का बघायला पानं उचलत होते, काहीजण घरी घेऊन जात होते. कागदांना हात लावू नका, जागचे हलवू नका, असं संस्था वारंवार सांगत होत्या, पण अकरा वर्षं मुलाचा पत्ता नसलेल्या आईला हे कोण सांगणार.