मातीतल्या माइटची नवी प्रजाती जाहीर करायची आहे? आधी परवानगीचा कागद पाहा

सह्याद्रीतल्या एखाद्या जंगलातून ओंजळभर पालापाचोळा आणला, बर्लेसे-टुलग्रेन फनेलमध्ये (मातीतले जीव वेगळे करण्याचं नरसाळं) दिव्याखाली ठेवला, की काही दिवसांत खालच्या अल्कोहोलमध्ये ओरिबॅटिड माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले आठ पायांचे बारीक जीव, उतरतात. बहुतेक एक मिलिमीटरपेक्षा लहान. त्यांतली एखादी अजून कोणीच वर्णन न केलेली निघू शकते, कारण आपल्या मातीकडे फार थोड्या लोकांनी नीट पाहिलं आहे. अडचण प्राणी सापडण्याची नसतेच. नव्या प्रजातीचे शोधनिबंध नियतकालिकांकडून परत येतात ते बहुतेक वेळा कागदांमुळे, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद माती उचलण्याआधीचा असतो. दरवर्षी हुशार मुलं इथेच अडकताना पाहते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पात्रता

प्राण्यांची नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संहिता (चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू) पदवी किंवा पद मागत नाही. शाळेतले शिक्षक, हौशी अभ्यासक, कोणीही नव्या प्रजातीला नाव देऊ शकतं. वर्णन कोणत्या भाषेत असावं याचीही सक्ती नाही, फक्त शास्त्रीय नाव रोमन लिपीत हवं. पण वनखात्याच्या परवानगीसाठी व्यवहारात संस्थेचं पत्र लागतंच. एकट्याने काम करत असाल तर जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाशी आधी बोलून घ्या.

परवानगी: सगळ्यात जास्त अर्ज इथे पडतात

"मी कुठे प्राणी मारतोय? मूठभर मातीच तर आणतोय." हे वाक्य फार ऐकू येतं. पण भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २ मध्ये वनोपजाची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगलातल्या पृष्ठभागावरच्या मातीचा उल्लेख आहे. वाळलेली पानंही वनोपजातच येतात. म्हणजे राखीव वनातून माइट नेण्याचा प्रश्न पुढचा, पिशवीत माती भरली तिथेच परवानगी लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो. संशोधनासाठी आत जायचा परवाना कलम २८ खाली मिळतो आणि तो मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारात येतो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. स्थानिक वनपालांनी तोंडी "जा, काही हरकत नाही" म्हणणं हा परवाना नव्हे. त्यांचा हेतू चांगला असतो, पण निबंधात त्यांचं वाक्य जोडता येत नाही.

परवाना मिळाला तरी तो शब्द न् शब्द वाचा. त्यात "निरीक्षण व छायाचित्रण" असं असेल तर नमुने आणता येत नाहीत. फक्त "कीटक" लिहिलं असेल तर माइट त्यात बसत नाहीत, ते कोळी-विंचवांच्या वर्गातले. अर्जातच "माती व पालापाचोळ्यातील सूक्ष्म संधिपाद प्राणी, माइटसह" असं लिहा. सोबत माती किती आणि कुठल्या वनपरिक्षेत्रातून नेणार, नमुने शेवटी कोणत्या संग्रहात ठेवणार, हेही लिहा. मुदतीचा घोळ तर नेहमीचा: परवान्यावर शेवटची तारीख असते ती नमुने गोळा करण्याची. ती उलटल्यावर आणलेली बाटली परवान्याबाहेरची ठरते, प्रयोगशाळेतलं काम कितीही चालू असो. आणि मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही. प्रजाती कितीही सुंदर असली तरी नाही.

हेही स्पष्ट लिहिते की मूठभर मातीसाठी विद्यार्थ्याला महिनोन्महिने थांबवणं चुकीचं आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यात पावसाळे दोनच. अर्ज टेबलावर पडून राहिला की एक पावसाळा जातो. खात्यातल्या चांगल्या अधिकाऱ्यांनाही हे कळतं. तोवर आपल्या हातात एकच गोष्ट आहे: जून गाठायचा असेल तर अर्ज आदल्या दिवाळीच्या सुमाराला द्या.

देवराईतून माती आणायची असेल तर गावकऱ्यांची संमती घ्याच, पण सातबाराही पाहा. गाव जिला आपली देवराई म्हणतं ती जमीन कागदावर वनखात्याच्या, महसूल विभागाच्या किंवा देवस्थानाच्या नावावर असू शकते. परवानगी कोणाकडे मागायची हे त्यावर ठरतं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही लेखी कळवा.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी

पुण्या-कोल्हापूरची मुलं जर्मनीत किंवा अमेरिकेत पीएचडी करतात, सुट्टीत घरी येतात आणि चार बाटल्या बॅगेत घालून नेतात. कृपा करून असं करू नका. जैवविविधता अधिनियम २००२ चं कलम ३ परदेशी नागरिकांना लागू आहे, तसंच आयकर कायद्याच्या अर्थाने अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकांनाही. भारतीय पासपोर्ट असला की सुटलो, असा समज करून घेऊ नका. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. इथे राहणाऱ्या संशोधकानेही नमुना ओळखीसाठी बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी प्राधिकरणाकडे चौकशी करावी. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नवे नियम आले. त्यामुळे सीनियरने दिलेला जुना फॉर्म भरू नका, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा ताजा घ्या.

होलोटाइप, आणि जमा केल्याचा दाखला

संहितेच्या कलम १६.४ नुसार नव्या प्रजातीचा नामधारक नमुना (होलोटाइप, म्हणजे ज्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं तो एक नमुना) निबंधात निश्चित करावा लागतो. तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल, आणि तो संग्रह कुठल्या गावी आहे, हेही लिहावं लागतं. हे वाक्य नसेल तर नाव ग्राह्यच धरलं जात नाही. शिवाय जैवविविधता अधिनियमाचं कलम ३९ सांगतं की नव्या प्रजातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवायची आणि नमुने तिथे जमा करायचे. प्राण्यांसाठी असं भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, मुख्यालय कोलकाता. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. महाविद्यालयाच्या कपाटातली बाटली पुरत नाही. मार्गदर्शक निवृत्त झाले की अशा बाटल्यांचं काय होतं, ते कोणत्याही जुन्या विभागात जाऊन पाहा.

संग्रहातला नमुन्याचा नोंदणी क्रमांक निबंध पाठवण्याआधी मिळवा. संपादक तो मागतात, आणि संग्रहवाले परवान्याची प्रत मागतात. म्हणजे सुरुवातीचा कागद नसेल तर शेवटचाही मिळत नाही.

नमुन्याची स्थिती हाही अडण्याचा मुद्दा आहे. ओरिबॅटिड माइट अळी, मग तीन निंफ अवस्था (वाढत्या पिल्लांच्या) आणि मग प्रौढ, असे वाढतात. अळीला पायच सहा. पिल्लं प्रौढांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की निंफवरून "नवी प्रजाती" लिहिलेला निबंध परीक्षक पहिल्या वाचनातच थांबवतात. एकच प्रौढ मिळाला तरी संहितेची आडकाठी नाही, पण त्याच जागी पुन्हा जाऊन आणखी मिळवणं शहाणपणाचं. एकमेव नमुना हॉयरच्या माध्यमात (स्लाइडवर नमुना पक्का करण्याचा द्रव) कायमचा बसवू नका. ते माध्यम वर्षांनी सुकतं, तडकतं. लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये पारदर्शक करून खळगीच्या स्लाइडवर पाहा, आकृत्या काढा आणि परत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी: अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणत्या झाडाखालचा पाचोळा, गोळा करणाऱ्याचं नाव. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि मग तो नमुना कुठला हे कोणालाच सांगता येत नाही.

वर्णन आणि तुलना

नुसती चित्रं किंवा डीएनए बारकोड (ओळखीसाठी वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) जोडून भागत नाही, वेगळेपणा शब्दांत सांगावा लागतो (संहितेचं कलम १३.१). प्रजाती नवी असल्याचं निःसंदिग्ध लिहा. "नवी असल्यास हे नाव द्यावं" अशी सशर्त नावं १९६० नंतर चालत नाहीत. तुलना जवळच्या सगळ्या प्रजातींशी हवी, फक्त भारतातल्यांशी नाही. पीअर्सने १९०६ मध्ये सिक्कीम हिमालयातल्या माइटवर लिहिलं होतं. इटालियन माइटतज्ज्ञ बर्लेसेचा संग्रह फ्लॉरेन्सला आहे. जुनी वर्णनं त्रोटक असतात, तेव्हा संग्रहालयाला लिहून मूळ नमुन्याचे फोटो मागवा. बरेच जण देतात.

नाव ठेवताना पुरुषाच्या सन्मानार्थ शेवटी "-i", स्त्रीच्या "-ae". गावाचं किंवा नदीचं नाव मला स्वतःला जास्त आवडतं. आंबोलीच्या माशाचं शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव २०२० मध्ये आलं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

झूबँक आणि तारीख

झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीवर, खातं फुकट उघडतं आणि नोंदणी काही मिनिटांत होते. नेमक्या यामुळे गैरसमज होतो. नोंदणी झाली म्हणजे नाव प्रसिद्ध झालं असं नाही, आणि कोणाचं नाव आधीचं हे ठरवताना नोंदणीची तारीख धरलीही जात नाही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकासाठी संहितेच्या २०१२ च्या दुरुस्तीने चार अटी घातल्या: निबंधाची नोंदणी प्रकाशनाआधी झालेली हवी, त्या नोंदणीचा पुरावा निबंधातच छापलेला हवा, प्रकाशनाची तारीखही निबंधातच हवी, आणि झूबँकच्या नोंदीत कायमस्वरूपी साठवणाऱ्या संस्थेचं नाव व नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक हवा. संपादक हे सगळं करतील असं गृहीत धरू नका. प्रूफ हातात आलं की झूबँकचा क्रमांक त्यात आहे का, हे स्वतः पाहा.

परिषदेच्या सारांशात किंवा वर्तमानपत्रात नाव आधी जाहीर करू नका. निबंध निघाल्यावर त्याची पीडीएफ प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयाला, नमुने ठेवलेल्या संग्रहाला आणि त्या गावच्या जैवविविधता समितीला पाठवा. गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत त्या माइटची नोंद करून घ्यायला सांगा. पुढचा परवाना मागताना त्या प्रतीची पोच अर्जाला जोडा.