मते दीडपट, जागा पाचपट

महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निकालात काँग्रेसला १२.४२ टक्के मते मिळाली आणि जागा आल्या १६. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मते आणि जागा ५७! निकालानंतर हे आकडे ‘यात नक्कीच काळेबेरे आहे’ अशा शेऱ्यासह मोबाइलवर फिरत होते. काँग्रेसने जास्त मतदारसंघ लढवले होते, त्यामुळे तिची मते जास्त ठिकाणी विभागली गेली, हे एक कारण. पण आघाड्या पाहिल्या तरी कोडे उरतेच. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मते, महाविकास आघाडीच्या तिघांना सुमारे ३४. म्हणजे मते दीडपटीच्याही आत. जागा मात्र २३० विरुद्ध ४६, म्हणजे पाचपट.

लाडकी बहीण योजना, सोयाबीनचे भाव, मराठा आणि ओबीसी मतांची हालचाल यांवर भरपूर लिहिले गेले. मते का हलली, याची ती उत्तरे आहेत. हललेल्या मतांच्या कितीतरी पट जागा का हलतात, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर संख्याशास्त्रात आहे.

केंडॉल आणि स्टुअर्ट या संख्याशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये ब्रिटनमधल्या निवडणुकांवरून ‘घन नियमा’ची मांडणी केली. दोन पक्षांच्या मतांचे गुणोत्तर जेवढे असेल, त्याच्या घनाइतके, म्हणजे तिसऱ्या घाताइतके, जागांचे गुणोत्तर येते. हा घन येतो कुठून, तो भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

दहावीच्या वर्गात उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात. बहुतेक मुलांचे गुण ३० ते ४० च्या दरम्यान असतील, तर दोन गुणांच्या ग्रेसने निकाल एकदम वर जातो. तेच गुण ५ पासून ९५ पर्यंत पसरलेले असतील, तर त्या दोन गुणांनी फारसे कुणी तरत नाही. मतदारसंघांचेही तसेच. पक्षाला प्रत्येक मतदारसंघात किती टक्के मते पडली याचा आलेख काढला, तर बहुधा घंटेच्या आकाराचा वक्र मिळतो. त्या वक्राचा सर्वांत उंच भाग ५० टक्क्यांच्या जवळ असला, की काठावरच्या जागांची तिथे दाटी होते आणि मतांची लहानशी लाट त्यांतल्या पुष्कळ जागा ५० च्या पलीकडे नेते.

वक्र किती पसरट आहे हे प्रमाण विचलन सांगते. सरळ लढतीत ०.४ ला (घंटेच्या वक्राच्या सूत्रातून येणारा ठरलेला आकडा) प्रमाण विचलनाने भागले, की बरोबरीच्या आसपास जागा मतांच्या किती पट वेगाने हलतात ते कळते. विचलन १३ टक्के असेल, तर ०.४ भागिले ०.१३, म्हणजे जवळपास ३. घनातला तीनचा घात तो हाच!

आता आपला आकडा. दोन आघाड्यांच्या एकत्रित मतांत महायुतीचा वाटा सुमारे ५९ टक्के. घन नियमाने दोघींच्या २७६ जागांपैकी तिला साधारण २०५ मिळायला हव्या होत्या, मिळाल्या २३०. उलट गणित केले, तर विचलन ९ टक्क्यांच्या आसपास निघते आणि घाताचा आकडा साडेचारपर्यंत जातो. वक्र अरुंद, म्हणजे मतांची विभागणी राज्यभर बरीच सारखी. बंडखोर आणि अपक्ष या गणितात धरलेले नाहीत, तरी चित्र स्पष्ट आहे.

याच गणितामुळे एक्झिट पोलमध्ये मतांचा अंदाज एका टक्क्याने चुकला, तर २८८ जागांच्या सभागृहात दहा-बारा जागा सहज इकडच्या तिकडे होतात. वाहिन्या जागांचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात आणि ही चूक सांगतच नाहीत. पत्रिका पाहून जागा सांगणारे ज्योतिषी तर त्याहून वाईट. जयंत नारळीकरांनी ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा त्यांची भाकिते नाणेफेकीहून सरस ठरली नव्हती. तरीही दर निवडणुकीत त्यांना स्टुडिओत बसवले जाते, याचा मला राग येतो.

घन नियमाने सगळे सुटत नाही. त्याच वर्षीच्या लोकसभेत दोन्ही आघाड्यांची मते जवळपास सारखी होती, तरी जागा ३० आणि १७ अशा पडल्या. तिथे मते कुठे साठली आणि सीमा कुठून गेली, यानेही फरक पडतो. धुळे लोकसभा मतदारसंघ पाहा. त्यात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत. भाजपचे सुभाष भामरे पाच क्षेत्रांत पुढे होते. सहाव्या, मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली आणि त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला तेच सहा तुकडे वेगवेगळे मोजले गेले. मालेगाव मध्यचे मताधिक्य आता शेजारच्या क्षेत्राला उपयोगी पडणार नव्हते. ती जागा एमआयएमने अवघ्या १६२ मतांनी घेतली आणि उरलेल्या पाचही महायुतीकडे गेल्या.